खोलीचं तापमान, पण कुणाच्या खोलीचं?

आमची फार्मसी तळमजल्यावर आणि एनआयसीयू, म्हणजे नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग, दुसऱ्या मजल्यावर. मधला व्हरांडा पश्चिमेकडे उघडा. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा दुपारी चार वाजता त्या व्हरांड्यातून चालणं म्हणजे तव्याजवळ उभं राहिल्यासारखं. मी हातात थर्माकोलचा डबा घेऊन चालत असते. आत जेलची गार पाकिटं, आणि मधोमध कापडात गुंडाळलेली एक छोटी पिशवी. तिच्यात शंभर मिलिलिटरही द्रव नसतो. किलोभर वजनाच्या एका बाळाचं ते पुढच्या चोवीस तासांचं जेवण.

टीपीएन म्हणतात त्याला, टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन. ज्या बाळाचं आतडं अजून दूध पचवायला तयार नाही, त्याला साखर, अमिनो आम्लं, तेल, क्षार, जीवनसत्त्वं असं सगळं थेट शिरेतून द्यायचं. मी सतरा वर्षं हॉस्पिटल फार्मासिस्ट आहे, त्यातली अकरा वर्षं या पिशव्या बनवते. या अकरा वर्षांत मला सर्वांत जास्त छळलेला शब्द म्हणजे 'खोलीचं तापमान'. कुठलंही संदर्भाचं पुस्तक उघडा, कुठलंही माहितीपत्रक वाचा : 'मिश्रण खोलीच्या तापमानाला २४ तास स्थिर राहतं.' कुणाच्या खोलीच्या? त्यांची खोली २० ते २५ अंशांची असते. आणि बाळ तर खोलीत नसतंच, ते इन्क्युबेटरमध्ये असतं. तिथे ३५-३६ अंश असतात, मग बाहेर डिसेंबर असो की मे.

हे मला कळलं ते एका रात्री, आणि माझ्याच हातून बनलेल्या पिशवीमुळे. ते सांगायच्या आधी पिशवीत काय चालतं ते सांगते. त्याशिवाय त्या रात्रीचा अर्थ लागायचा नाही.

एका पिशवीत पन्नासेक वेगवेगळे रासायनिक पदार्थ एकत्र नांदत असतात. त्यातली सर्वांत अवघड जोडी म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेट. बाळाच्या हाडांसाठी दोन्ही हवेत, भरपूर हवेत. शेवटच्या तीन महिन्यांत आईच्या पोटात मिळायचे ते क्षार या बाळांना मिळालेलेच नसतात. पण हे दोघं पाण्यात समोरासमोर आले की त्यांचा खडा होतो. हाडात व्हायला हवं तेच पिशवीत होतं.

फॉस्फेटची पाण्यात मुख्यतः दोन रूपं असतात. पीएच कमी असेल, म्हणजे द्रव आम्लाकडे झुकलेला असेल, तर एक रूप जास्त असतं आणि त्याचा कॅल्शियमशी झालेला क्षार बऱ्यापैकी विरघळतो, लिटरला सुमारे १८ ग्रॅम. पीएच वर सरकला की दुसरं रूप वाढतं आणि त्याचा क्षार लिटरला जेमतेम ०.३ ग्रॅम विरघळतो. साठपट फरक. म्हणून आम्ही अमिनो आम्लांवर इतके अवलंबून असतो. ती पीएच धरून ठेवतात, शिवाय थोडं कॅल्शियम आणि थोडं फॉस्फेट स्वतःशी बांधून ठेवतात. अमिनो आम्लं भरपूर असलेल्या पिशवीत जे निभतं, तेच पातळ पिशवीत निभत नाही.

आणि उष्णता. इथे भल्याभल्यांची चूक होते, कारण स्वयंपाकघरातला अनुभव उलटा असतो. गार सरबतात साखर विरघळत नाही, गरम चहात लगेच विरघळते. म्हणून वाटतं, गरम केलं की सगळंच जास्त विरघळेल. कॅल्शियम फॉस्फेटचं तसं नाही. आम्ही कॅल्शियम घालतो ते कॅल्शियम ग्लुकोनेटच्या रूपात; तापमान वाढलं की त्यातून जास्त कॅल्शियम मोकळं होतं, फॉस्फेटही त्या दुसऱ्या, न विरघळणाऱ्या रूपाकडे झुकतं, आणि खडे धरायला लागतात. आमच्याकडच्या लोकांना हे समजावणं मात्र सोपं आहे. पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यात, ज्याच्या घरी बोअरचं पाणी आहे त्याने पाणी तापवायचा रॉड बघावा. गार पाणी हंड्यात स्वच्छ दिसतं. तापवलं की रॉडवर आणि भांड्याच्या बुडाशी पांढरा थर. तिथला क्षार वेगळा आहे, पण तऱ्हा तीच : गार असताना विरघळून राहिलेलं तापल्यावर खाली बसतं. फ्रिजमधून काढलेली पिशवी काचेसारखी दिसते, ती बाळाजवळ पोचेपर्यंत तशीच असेल याची हमी त्या दिसण्यात नसते.

आता ती रात्र.

मेचा तिसरा आठवडा होता. एकोणतिसाव्या आठवड्यात जन्मलेली मुलगी, वजन १,१०० ग्रॅम, आयुष्याचा सातवा दिवस. आधीचे चार दिवस तिची पिशवी १३२ मिलिलिटरची होती. किलोला १२० मिलिलिटर असा हिशोब. त्यात कॅल्शियम ४४ मिलिग्रॅम, फॉस्फरस ३३ मिलिग्रॅम. काही अडचण आली नव्हती. सातव्या दिवशी सकाळी राउंडमध्ये, जन्मानंतर मिटायला हवी ती हृदयाजवळची नलिका उघडीच असल्याचं दिसलं आणि द्रव कमी करायचं ठरलं. किलोला ८०. शिवाय रक्तातला युरिया वाढला म्हणून अमिनो आम्लं ३ ग्रॅमवरून १.५ ग्रॅमवर आणली. कॅल्शियम-फॉस्फरस कालच्याइतकंच. 'बाकी तेच' असं ऑर्डरवर लिहिलेलं होतं.

बाकी तेच नव्हतं. मिलिग्रॅम तेच होते, पण १३२ ऐवजी ८८ मिलिलिटरमध्ये. कॅल्शियम १०० मिलिलिटरला ३३ मिलिग्रॅम होतं ते ५० झालं. फॉस्फरस २५ चं साडेसदतीस झालं. दोन्ही दीडपट. आणि खडा धरायला दोघं लागतात, म्हणून धोका दोघांच्या गुणाकाराने बघायचा असतो. दीड गुणिले दीड, सव्वादोन. एका ओळीच्या बदलाने गुणाकार सव्वादोनपट झाला, आणि त्याच दिवशी सांभाळून घेणारी अमिनो आम्लं अडीच टक्क्यांवरून दोनच्या खाली आली. मी किलोमागचे मिलिग्रॅम तपासले, ते बरोबर होते, आणि सही केली. दर शंभर मिलिलिटरचा हिशोब मी त्या दिवशी केला नाही. तो करणं माझं काम होतं.

पिशवी बनवली तेव्हा स्वच्छ होती. काळ्या पुठ्ठ्यासमोर धरली, पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर धरली, उलटी करून पाहिली. संध्याकाळी सहाला लावली. एनआयसीयूत दोनपैकी एक एसी दुपारपासून बंद पडलेला, खोलीत ३१ अंश. मुलीला कावीळ होती म्हणून वर निळ्या दिव्यांचं फोटोथेरपीचं यंत्र, जुन्या सीएफएल नळ्यांचं, तेही उष्णता टाकणारं. टीपीएनची नळी लांब होती. जास्तीची नळी गुंडाळी करून इन्क्युबेटरच्या आत, बाळाच्या पायाशी ठेवली होती.

रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी फोन आला. रात्रपाळीच्या सिस्टर बोलत होत्या, वीस वर्षं एनआयसीयूत काढलेल्या. "मॅडम, पंप सारखा वाजून राहिला. ऑक्लूजन दाखवून राहिला. शिर चांगली आहे, मी पाहिली. फिल्टरच्या अलीकडं नयीत काहीतरी पांढरं दिसून राहिलं. या बरं तुम्ही."

ऑक्लूजन म्हणजे नळीत कुठेतरी अडथळा. माझं घर हॉस्पिटलपासून दहा मिनिटांवर आहे. मी पोचले तेव्हा सिस्टरांनी पंप थांबवून, ती नळी पूर्ण काढून, नवीन नळीतून साधं दहा टक्के डेक्स्ट्रोज सुरू केलं होतं. साखर एकदम बंद केली तर अशा बाळाची रक्तशर्करा तासाभरात खाली येते, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. काढलेली नळी त्यांनी स्टीलच्या ट्रेमध्ये फिल्टरसकट जपून ठेवली होती. टॉर्च मारला. गुंडाळीच्या खालच्या वळणात, जिथे द्रव थांबतो तिथे, तांदळाच्या पिठाची चिमूट टाकल्यासारखी धूसर रेष. नळी हलवली की ती रेष उठायची आणि परत बसायची.

मग सिस्टर म्हणाल्या ते मी आजही प्रत्येक नव्या मुलीला सांगते. त्यांच्या हाताखाली त्या रात्री एक नवीन सिस्टर होती. पंप तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ती म्हणाली, "फिल्टरच जाम झाला असंल, काढून टाकू का?" जगभर रात्री दोन वाजता हेच सुचतं. फिल्टर काढला की पंप गप्प बसतो, द्रव वाहायला लागतो आणि खडे सरळ बाळाच्या फुप्फुसात जातात. थोरल्या सिस्टरांनी तिचा हात धरला. "फिल्टर अडला म्हणजे त्यानं काहीतरी अडवलं," एवढंच म्हणाल्या आणि मला फोन लावला.

मुलीला काही झालं नाही. फिल्टर बाळाच्या अगदी जवळ, शेवटच्या टोकाला जोडलेला होता, म्हणून खडे त्याच्या अलीकडेच राहिले. तोच फिल्टर पिशवीजवळ असता तर गरम नळीत तयार झालेले खडे त्याच्या पुढे असते.

सकाळी पॅथॉलॉजीत तो द्रव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चपटे, पात्यासारखे, प्रकाशात चमकणारे स्फटिक. त्या नळीतून दुसरं कुठलं औषध गेलं का, ते चार्टवर तपासलं. नव्हतं गेलं. पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा एक थेंब काचपट्टीच्या कडेने सोडला, आणि स्फटिक कडेपासून आत विरघळत गेले, मिनिटभरात मैदान मोकळं. कॅल्शियम फॉस्फेट आम्लात असंच विरघळतं. ते विरघळताना बघून मला बरं वाटलं नाही. मला दिसत होतं की हे शिरेत गेलं असतं तर तिथे आम्लाचा थेंब सोडायला कुणी नव्हतं.

फार्मसीत ठेवलेल्या उरलेल्या नमुन्यात, फ्रिजमध्ये, काहीही नव्हतं. स्वच्छ पाणी. पिशवी एकच, वेळ एकच, फरक फक्त तापमानाचा. तोच नमुना मी मायक्रोबायोलॉजीच्या ३७ अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवला. चार तास काही नाही. संध्याकाळी बुडाशी पांढरी बुकटी.

आणखी एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. ८८ मिलिलिटर चोवीस तासांत, म्हणजे तासाला पावणेचार मिलिलिटरही नाही. मोठ्या माणसाला तासाला ऐंशी मिलिलिटर जातं, नळीतला द्रव काही मिनिटांत बदलतो. बाळाच्या गुंडाळलेल्या नळीत द्रव अर्धा-पाऊण तास पडून राहतो, आणि तोही ३६ अंशांत, दिव्याखाली. पुस्तकात 'मिश्रण' म्हणतात तेव्हा पिशवीतल्या मिश्रणाचा विचार असतो. बाळाला मिळतं ते नळीतलं मिश्रण.

हे जगात आधी घडून गेलेलं आहे, आणि फार मोठी किंमत मोजून. १८ एप्रिल १९९४ रोजी अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, एक सुरक्षा इशारा काढला : टीपीएनमध्ये कॅल्शियम फॉस्फेटचे खडे धरल्याने दोन रुग्णांचा मृत्यू आणि आणखी किमान दोघांना श्वासाचा गंभीर त्रास. शवविच्छेदनात फुप्फुसाच्या बारीक केशवाहिन्यांमध्ये खडे सापडले. त्या मिश्रणात तेलही होतं. तेल घातलं की पिशवी दुधासारखी पांढरी दिसते, आत खडा असला तरी डोळ्यांना दिसायला मार्गच नाही. त्या इशाऱ्यानंतर फिल्टरचा आग्रह सुरू झाला : तेल असलेल्या मिश्रणाला १.२ मायक्रॉनचा, तेल नसलेल्याला ०.२२ मायक्रॉनचा. (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग.) आमच्याकडे बाळांचं तेल वेगळ्या सिरिंजमधून जातं, त्यामुळे आम्ही दोन्ही वापरतो.

त्याच इशाऱ्यात एक वाक्य आहे जे मी शिकताना वाचलं होतं आणि विसरले होते : कॅल्शियम किती विरघळेल याचा हिशोब शेवटच्या एकूण आकारमानावर करू नका, कॅल्शियम घालतानाच्या आकारमानावर करा. समजा शेवटी ८८ मिलिलिटर व्हायचे आहेत, पण कॅल्शियम टाकताना पिशवीत पन्नासच आहेत, तर त्या क्षणी सगळं जवळजवळ दुप्पट दाट आहे. एकदा बी धरलं की नंतर पाणी घालून ते जात नाही. म्हणून क्रम. आधी डेक्स्ट्रोज, अमिनो आम्लं आणि पाणी. मग फॉस्फेट, नीट मिसळून. मग सोडियम, मॅग्नेशियम, बाकीचे. कॅल्शियम शेवटी, पिशवी हलवत, हळू. आणि फॉस्फेटची सिरिंज कॅल्शियमला कधीही वापरायची नाही, टोकाशी उरलेला अर्धा थेंबही पुरतो.

इथे एका आकड्याबद्दल सांगायलाच हवं. १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेटच्या एका मिलिलिटरमध्ये ९.३ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. आमच्याकडे येणाऱ्या पोटॅशियम फॉस्फेटच्या एका मिलिलिटरमध्ये ९३ मिलिग्रॅम फॉस्फरस असतं. तेच अंक, टिंब एक घर इकडे-तिकडे. त्या मुलीला ४४ मिलिग्रॅम कॅल्शियमसाठी ४.७ मिलिलिटर लागत होते, आणि ३३ मिलिग्रॅम फॉस्फरससाठी ०.३५ मिलिलिटर. फॉस्फेट मी नेहमी एक मिलिलिटरच्या सिरिंजमध्येच ओढते, आणि ओढलेली सिरिंज दुसऱ्या माणसाने बघितल्याशिवाय पिशवीत रिकामी करत नाही. घाईच्या दिवशीसुद्धा नाही. जोड पाहणी जमत नसेल तर पिशवी उशिरा जाऊ दे, तोवर बाळ साध्या डेक्स्ट्रोजवर राहू शकतं.

त्या मेनंतर आमच्या ऑर्डरच्या कागदावर मी एक रकाना वाढवून घेतला. किलोमागे किती, हा रकाना डॉक्टर भरतात. शेजारी 'शंभर मिलिलिटरमागे किती' हा फार्मसीने भरायचा. द्रव कमी केलं की दुसरा रकाना आपोआप बोलतो. आमच्या डॉक्टरांनी तो लगेच मान्य केला आणि राउंडला मला रोज बोलवायला लागले. माझं स्पष्ट मत आहे की जिथे टीपीएन बनतं तिथे फार्मासिस्ट राउंडला हवाच. कागद खाली येईपर्यंत निर्णय झालेला असतो. 'द्रव कमी करू या' हे वाक्य उच्चारलं जातं त्या क्षणी कुणीतरी 'मग कॅल्शियमचं काय' असं विचारणारं तिथे उभं असावं लागतं.

दुसरा बदल म्हणजे सोडियम ग्लिसरोफॉस्फेट. यात फॉस्फेट ग्लिसरॉलला जोडलेलं असतं, मोकळं नसतं, त्यामुळे पिशवीत कॅल्शियमच्या हाती लागत नाही. शरीरात गेल्यावर एन्झाइम ते सोडवतं. जी मात्रा साध्या फॉस्फेटने देणं अशक्य, ती याने देता येते. दर मिलिमोल फॉस्फेटमागे दोन मिलिमोल सोडियम येतं, तेवढं सोडियम दुसरीकडून कमी करावं लागतं. किंमत जास्त आहे, आणि कधी पुरवठा खंडित झाला की परत जुन्या पोटॅशियम फॉस्फेटवर यावं लागतं. म्हणून जुना हिशोब हातचा सोडून चालत नाही. कॅल्शियम क्लोराइड मात्र आम्ही टीपीएनच्या कपाटात ठेवतच नाही. ते पूर्ण सुटं होतं, ग्लुकोनेटसारखं धरून ठेवणारं कुणी नसतं.

तिसरं, काठावरच्या प्रत्येक पिशवीचे दहा मिलिलिटर मी काचेच्या नळीत काढून ३७ अंशांत ठेवते, चोवीस तास. यामुळे काही सिद्ध होत नाही, हे मला माहीत आहे. डोळ्याला साधारण पन्नास मायक्रॉनचा कण दिसतो आणि फुप्फुसाची केशवाहिनी पाच-सात मायक्रॉनची. मधलं सगळं डोळ्याला दिसत नाही. तरी जे दिसतं ते तरी दिसायला हवं, आणि योग्य तापमानाला दिसायला हवं.

तेलाची गोष्ट वेगळीच. सोयाबीनचं तेल, अंड्याच्या बलकातल्या फॉस्फोलिपिडने पाण्यात बांधलेलं, अर्ध्या मायक्रॉनहून लहान थेंबांचं. एका आईने मला विचारलं होतं, "मॅडम, ते पांढरं माह्यंच दूध आहे का?" मी म्हटलं, "नाही ताई, तुमचं दूध नळीने पोटात जातंय, हे सोयाबीनचं तेल आहे." ती चकित झाली. "सोयाबीन तर आमच्या वावरात आहे." मग रोज ती त्या सिरिंजकडे ओळखीच्या नजरेने बघायची.

त्या थेंबांवर ऋण भार असतो, त्या भारामुळे ते एकमेकांना दूर ठेवतात. आम्ल वाढलं की भार उतरतो. कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे दोन भारांचे क्षार तो झाकून टाकतात, लोहाचं तर बघायलाच नको. मग थेंब जवळ येतात. आधी वर साय धरते. ती हलक्या हाताने हलवली तर परत मिसळते. पण थेंब एकमेकांत विरघळून मोठे झाले, पिवळट तेलाची कड सुटली, म्हणजे दूध फाटलं. फाटलेलं दूध हलवून नीट होत नाही, तसं हेही होत नाही, पिशवी फेकायची. तेल आणि नुसतं डेक्स्ट्रोज म्हणूनच कधी थेट एकत्र करायचं नाही. डेक्स्ट्रोज आम्लधर्मी असतं. आधी अमिनो आम्लं, मग तेल. पाच मायक्रॉनहून मोठे थेंब एकूण तेलाच्या ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत असा अमेरिकी फार्माकोपियाचा, म्हणजे तिथल्या औषध-मानकांच्या ग्रंथाचा, नियम आहे. ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून मोठ्यांच्या तीन-एकत्र (साखर, अमिनो आम्लं आणि तेल एकाच पिशवीत) पिशव्यांत आम्ही क्षारांची मर्यादा कडक ठेवतो आणि उत्पादकाने तपासून दिलेल्या चौकटीबाहेर जात नाही.

उजेडाबद्दल थोडक्यात. जीवनसत्त्व अ उजेडात नाहीसं होतं, रायबोफ्लेविन उजेडात पेरॉक्साइड तयार करायला मदत करतं. दोन वर्षांखालच्या मुलांच्या टीपीएनची पिशवी आणि नळी दोन्ही उजेडापासून झाकावीत असं युरोपच्या औषध संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं. आमच्याकडे फोटोथेरपीच्या निळ्या उजेडात नळी उघडी पडायची. आता अंबर रंगाची नळी असते, नसेल तेव्हा फॉइल. आणि जास्तीची नळी इन्क्युबेटरमध्ये गुंडाळून ठेवत नाही. लांबी मोजून घेतो.

आणि सेफ्ट्रियाक्सोन हे प्रतिजैविक. बाहेरून आलेल्या बाळाला तिथे ते दिलेलं असू शकतं, म्हणून रेफरल चिठ्ठी मी स्वतः वाचते. कॅल्शियमबरोबर ते खडा धरतं, नवजात बाळांचे मृत्यू झालेले आहेत. अठ्ठावीस दिवसांच्या आतल्या बाळाला कॅल्शियम असलेला द्रव चालू असेल तर ते द्यायचंच नाही, वेगळ्या नळीनेही नाही.

ती मुलगी बेचाळीस दिवसांनी घरी गेली, १,७८० ग्रॅमची. तिच्या पिशवीचा तो ट्रेमधला फिल्टर मी वाळवून एका डबीत ठेवलाय. नवीन सिस्टर आल्या की थोरल्या सिस्टर तो त्यांच्या हातात देतात. पडद्यावर पांढरट गोल डाग अजून दिसतो.

गेल्या आठवड्यात रात्री पावणेतीनला फोन वाजला. त्या रात्री जिचा हात धरला होता तीच सिस्टर, आता ती रात्रपाळीची प्रमुख आहे. "मॅडम, पंप वाजला. फिल्टर नाही काढला. डेक्स्ट्रोज लावून ठेवलं." गेले. नळी बाळाच्या कुशीखाली दुमडली होती, एवढंच होतं. तरी मी पिशवी उतरवून काळ्या पुठ्ठ्यासमोर धरली, उलटी केली, परत धरली. मग ३७ अंशांतल्या नळीतला दिवसाचा नमुना काढून आणला आणि दोन्ही शेजारी शेजारी पाहिले. बाहेर उजाडायला लागलं होतं. पिशवी परत लावली तेव्हा सिस्टरांनी चार्टवर वेळ लिहिली, आणि शेजारी खोलीचं तापमान, आणि त्याच्या शेजारी इन्क्युबेटरचं.